संशोधन, स्टार्टअप की सायबर सिक्युरिटी: सोलापूरच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न असा आहे: "सर, मी सोलापुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पूर्व भागात राहते. बाबा यंत्रमागावर आहेत, आई घरी विड्या वळते. सी आणि पायथन बऱ्यापैकी येतं. मला सायबर सिक्युरिटीत जायचंय. एक क्लासवाले दीड लाखात एथिकल हॅकिंगचा कोर्स आणि नोकरीची हमी देतात, त्यासाठी कर्ज काढावं लागेल. सिनिअर म्हणतात गेटची प्रवेश परीक्षा दे आणि एम.टेक. कर. मामा म्हणतात पुण्यात मिळेल ती नोकरी धर. मैत्रीण म्हणते आपण स्टार्टअप काढू. तुम्ही या सगळ्यातून गेला आहात, मी काय करू?"

कर्ज काढून तो कोर्स करू नकोस. बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल, पण एवढं आधी ऐक, कारण "आज सीट धरा, उद्या फी वाढेल" ही घाई मी बऱ्याच मुलांच्या घरात पाहिली आहे. नोकरीची हमी म्हणजे नेमकं काय ते लेखी माग: कुठलं पद, किती पगार, नाही मिळाली तर फी किती दिवसांत परत. लेखी देणारा क्लास मला अजून भेटलेला नाही. आणि तिथे जी साधनं शिकवतात, म्हणजे काली लिनक्स, एनमॅप, बर्प, मेटास्प्लॉइट, ती एक तर फुकट आहेत किंवा त्यांची शिकण्यापुरती आवृत्ती फुकट आहे.

माझी ओळख थोडक्यात. मी याच शहरात इंजिनिअरिंग केलं, मुंबईला एम.टेक. केलं, तिथल्या प्रयोगशाळेत काही वर्षं प्रोग्रॅममधल्या चुका आपोआप शोधणाऱ्या साधनांवर काम केलं. मग पुण्यातल्या एका छोट्या स्टार्टअपमध्ये तीच साधनं विकायचं काम, आणि त्यानंतर एका मोठ्या कंपनीत प्रॉडक्ट सिक्युरिटी, म्हणजे कंपनी जे सॉफ्टवेअर विकते त्यात भोकं राहू नयेत हे बघणं. आता जुळे सोलापुरात घरून काम करतो आणि गावातल्या कारखान्यांना, पतसंस्थांना गरज पडेल तशी मदत करतो. या सगळ्यानंतर माझं ठाम मत एकच आहे: आधी चांगली प्रोग्रामर हो. विद्यापीठ, स्टार्टअप आणि सिक्युरिटी हे तीन वेगळे जिने वाटतात, पण तिन्हीकडे उपयोगी पडतं ते एकच कौशल्य. समोरची यंत्रणा खरोखर काय करते आहे ते शेवटपर्यंत समजून घेणं.

मार्च २०२४ मधली घटना बघ. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनिअर पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतो. सिक्युरिटी हे त्याचं पद नाही. तो वेगाची मोजमापं घेत होता आणि त्याच्या लक्षात आलं, की एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशिनवर सुरक्षितपणे शिरायच्या पद्धतीने, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. चुकीच्या पासवर्डचे फसलेले प्रयत्नसुद्धा प्रोसेसर नको इतका खात होते. दुसरा कुणी "मशिन स्लो असेल" म्हणून पुढे गेला असता. त्याने तो अर्धा सेकंद सोडला नाही. माग काढत तो एक्सझेड नावाच्या, फाइली आकुंचित करणाऱ्या लायब्ररीपर्यंत पोचला. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. लपवलेला कोड चाचणीसाठी ठेवलेल्या बायनरी फाइलींमध्ये होता, आणि तो बाहेर काढणारा तुकडा फक्त प्रकाशित केलेल्या पॅकेजमध्ये होता, गिटमधल्या, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यातल्या, सोर्समध्ये नव्हता. हे करणाऱ्या, 'जिया टॅन' असं नाव लावणाऱ्या खात्याने त्या प्रकल्पात दोन वर्षांहून जास्त काळ सरळ काम करून विश्वास कमावला होता. फ्रॉइंडने २९ मार्चला हे जाहीर केलं नसतं, तर जगभरच्या लिनक्स सर्व्हरमध्ये ते शिरलं असतं. आपली यंत्रणा एरवी कशी वागते हे ज्याला माहीत होतं, त्यालाच ती वेगळी वागतेय हे दिसलं. दीड लाखांच्या कोर्समध्ये हे मिळत नाही.

तुझ्या मनातल्या तिन्ही वाटा एकाच माणसाच्या आयुष्यात बघायच्या असतील तर रॉबर्ट टॅपन मॉरिसचं नाव घ्यावं लागेल. कॉर्नेल विद्यापीठात संशोधन करत असताना त्याने एक वर्म, म्हणजे एका मशिनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, लिहिला आणि २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर सोडला. त्या वेळच्या छोट्याशा इंटरनेटचा बराच भाग त्याने ठप्प झाला. वर्मच्या आत शिरायच्या वाटांपैकी एक होती फिंगर, म्हणजे मशिनवर कोण आहे ते सांगणारी सेवा. तिच्यात ५१२ बाइटचा बफर, म्हणजे आलेला मजकूर ठेवायची जागा, होती आणि ती भरायला सी भाषेतलं गेट्स() हे फंक्शन वापरलं होतं. या फंक्शनला किती वाचायचं हे सांगायची सोयच नाही. समोरून येईल तेवढं ते भरत जातं. वर्म ५३६ बाइट पाठवायचा. जास्तीचे बाइट स्टॅकवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या कामचलाऊ मेमरीत, पुढे सांडायचे आणि फंक्शन संपल्यावर परत कुठे जायचं तो पत्ताच बदलून टाकायचे. बाबांना विचार, बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग आपोआप थांबतो. सी मधला प्रोग्रॅम थांबत नाही. तो बिघडलेल्या जागेवरूनच पुढे विणत राहतो, आणि मग नक्षी हल्लेखोराची उमटते. ते गेट्स() सी भाषेच्या अधिकृत मानकातून काढून टाकायला २०११ साल उजाडलं. आपल्याकडच्या जुन्या प्रॅक्टिकलच्या वह्यांमध्ये ते अजून सापडतं. तुझ्या वहीत असेल तर खोड आणि एफगेट्स() लिही.

मॉरिसला १९९० मध्ये शिक्षा झाली: तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा, १०,०५० डॉलर दंड. पुढे १९९५ मध्ये त्याने पॉल ग्रॅहमबरोबर वायावेब ही कंपनी काढली, १९९८ मध्ये ती याहूने घेतली, २००५ मध्ये नव्या स्टार्टअपना पैसा देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरच्या संस्थापकांत तो होता, आणि मधल्या काळात पीएच.डी. पूर्ण करून तो एमआयटीत प्राध्यापक झाला. त्याच्या पहिल्या कृत्याचं कौतुक करू नये, त्याने लोकांचं नुकसान केलं. पण प्रयोगशाळा, कंपनी आणि सुरक्षा यांच्यामध्ये भिंती नाहीत हे त्याच्याकडे बघून कळतं.

आता संशोधनाचं बोलू. गेट द्यायची की नाही हे ठरवण्याआधी संशोधन कशाला म्हणतात ते बघ. माझ्या आवडीचं उदाहरण बार्टन मिलर यांचं. तेही १९८८ च्या शरद ऋतूतलंच. विस्कॉन्सिन विद्यापीठातले हे प्राध्यापक एका वादळी पावसाच्या रात्री घरून फोनच्या लाइनवर, मोडेमने, युनिक्सवर काम करत होते. लाइनवर खरखर येत होती आणि टाइप केलेल्या कमांडमध्ये कचरा अक्षरं घुसत होती. त्यांना खरखरीचं नवल वाटलं नाही. त्या कचऱ्याने रोजच्या वापरातले साधे प्रोग्रॅम कोसळत होते, याचं वाटलं. त्यांनी वर्गातल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प दिला: यादृच्छिक अक्षरं तयार करून प्रोग्रॅमना खायला घाला आणि काय होतं ते नोंदवा. १९९० मध्ये छापून आलेल्या पेपरचा निष्कर्ष असा, की तपासलेल्या युनिक्स आवृत्त्यांवरचे पाव ते एक तृतीयांश प्रोग्रॅम कोसळले किंवा अडकून बसले. कारणं काय? ॲरेच्या बाहेर लिहिणं, फंक्शनने परत दिलेलं उत्तर न तपासणं, पॉइंटरचे घोळ. आज याला फझिंग म्हणतात, आणि गूगल २०१६ पासून महत्त्वाच्या ओपन सोर्स प्रकल्पांवर हेच रात्रंदिवस चालवतं.

खराब लाइनवर काम करणारे त्या काळी असंख्य होते. मिलर यांनी 'हे असं का होतं' हा प्रश्न धरून ठेवला, तो मोजता येईल असा केला, आणि दुसऱ्या कुणालाही तेच पुन्हा करून बघता येईल अशा रीतीने मांडला. संशोधन म्हणजे एवढंच, आणि ते फार अवघड आहे. माझं स्वतःचं काम स्टॅटिक ॲनालिसिसमधलं होतं, म्हणजे प्रोग्रॅम न चालवता नुसता वाचून त्यातल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम लिहायचा. यातली एक सुंदर कल्पना स्टॅनफर्डच्या डॉसन एंगलर यांच्या गटाची, २००१ ची. मोठ्या कोडमध्ये नियम कुठेच लिहिलेले नसतात. पण एखाद्या फंक्शनचं उत्तर शेकडो ठिकाणी नल, म्हणजे रिकामं, आहे का असं तपासलेलं असेल आणि दोनच ठिकाणी तपासलेलं नसेल, तर ती दोन ठिकाणं संशयित. नियम कुणी सांगायची गरज नाही, बहुमतच नियम सांगतं. मी हे पहिल्यांदा स्वतः लिहून चालवलं आणि अनोळखी माणसाच्या कोडमधली खरी चूक माझ्या स्क्रीनवर आली, त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या आनंदासाठी मी पुढची वर्षं कमी पैशात काढली, आणि पुन्हा संधी मिळाली तरी तेच करीन.

पण पैशाचं बोलायलाच हवं. गेटमधून एम.टेक.ला गेलीस तर महिना १२,४०० रुपये मिळतात. त्यात तुझं भागेल, घरी पाठवायला उरणार नाही. पीएच.डी.ला २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे सुरुवातीची फेलोशिप, ३७,००० आणि नंतर वरची एसआरएफ ४२,००० रुपये आहे, ते बरं आहे, पण तिथवर पोचायला वेळ लागतो. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो हे लक्षात ठेव, त्याचा उपयोग पुढे सांगतो. दोन वर्षांच्या नेहमीच्या एम.टेक.शिवाय आयआयटी मुंबईत प्रयोगशाळेत काम करत करायचं तीन वर्षांचं एम.टेक. आहे, मद्रासला आणि हैदराबादच्या ट्रिपल आयटीला संशोधनाचं एम.एस. आहे. कुठल्या संस्थेत यापेक्षा कुणाच्या हाताखाली हे जास्त महत्त्वाचं. प्राध्यापकांचे गेल्या तीन-चार वर्षांतले पेपर वाच. एकही वाचावासा वाटला नाही तर तिथे जाऊ नकोस. संशोधन फक्त विद्यापीठात होतं असंही नाही. पुण्यात टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१ पासून आहे. पीएच.डी. नसल्यामुळे सिक्युरिटीतलं बहुतेक काम अडत नाही. क्रिप्टोग्राफी, प्रोसेसरची सुरक्षा, किंवा स्वतः नवी साधनं घडवणं, यातलं काही करायचं असेल तर तिचा खरा उपयोग.

स्टार्टअपबद्दल एंगलर यांच्याच गटाकडून शिकण्यासारखं आहे. त्यांनी २००२ मध्ये कव्हेरिटी ही कंपनी काढली आणि २०१० मध्ये आपला अनुभव मोकळेपणाने लिहून ठेवला. मी तो पुण्यातल्या स्टार्टअपमध्ये असताना वाचला, तेव्हा आमच्या ऑफिसात रोज चाललेलं सगळं त्यात आधीच छापलेलं होतं. प्रयोगशाळेत तुमच्यासमोर लिनक्सचा स्वच्छ सोर्स असतो. ग्राहकाकडे गेलं की पहिली अडचण ही, की त्यांचा कोड नेमका कुठे आहे आणि तो कसा कंपाइल होतो हे कुणाही एका माणसाला पूर्ण माहीत नसतं. कव्हेरिटीने त्यावर उपाय काढला: बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवणं, चालू असताना कंपायलरला जाणारे हुकूम मधूनच टिपायचे. मग दुसरी अडचण, प्रत्येक कंपायलरची आपली वेगळीच सी भाषा. आणि तिसरी, सगळ्यात मोठी, माणसांची. साधनाच्या सूचनांपैकी तीस टक्क्यांहून जास्त खोट्या निघाल्या तर लोक सगळ्याच सूचनांकडे दुर्लक्ष करतात, त्यामुळे त्यांनी हे प्रमाण वीसच्या खाली ठेवायचा प्रयत्न केला. साधन सुधारून जास्त चुका सापडू लागल्या तर मॅनेजर खूश होत नाहीत, कारण त्यांच्या तक्त्यात चुकांचा आकडा महिन्यागणिक कमी व्हायला हवा असतो.

आमच्याकडे हेच. डेमोच्या पहिल्या दोन-तीन सूचना खोट्या निघाल्या तर समोरचा सिनिअर इंजिनिअर खुर्ची मागे सरकवायचा, आणि पुढची सूचना कितीही खरी असली तरी मीटिंग तिथेच संपलेली असायची. म्हणून आम्ही अवघड, हुशार तपासण्या बंद ठेवून साध्या आणि पक्क्या तपासण्या पुढे ठेवायला लागलो. प्रयोगशाळेत ज्या कामाला कुणी पेपर म्हणून घेतलं नसतं, त्याचेच ग्राहकांनी पैसे दिले. लोकांना आपलं म्हणणं पटायला काय लागतं हे मला विद्यापीठाने शिकवलं नव्हतं, ते तिथे शिकलो.

तुझ्या मैत्रिणीला एकच प्रश्न विचार: पहिला पैसे देणारा माणूस कोण, नावासकट? काटकर बंधूंचं उदाहरण मराठी घरांत माहीत असतं. कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, दुरुस्तीला येणारी मशिनं व्हायरसने भरलेली असायची, आणि धाकटे संजय काटकर ते काढणारे प्रोग्रॅम लिहायचे. ग्राहक दुकानात येऊन उभा होता. त्यातूनच क्विक हील झालं आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आलं. तुम्हा दोघींकडे असा ग्राहक असेल तर कॉलेजात असतानाच सुरू करा, गमावण्यासारखं काही नाही. नसेल तर आधी दुसऱ्याच्या स्टार्टअपमध्ये नोकरी करून बघ. तिथे जाताना ईसॉपचा, म्हणजे शेअरच्या आश्वासनाचा, आकडा पगारात मोजू नकोस. कायद्याने पहिलं वर्ष त्यातलं काहीच हातात येत नाही, आणि शेअर घेताना त्याचं त्या वेळचं मूल्य आणि आपण भरतो ती किंमत यांतल्या फरकावर पगारासारखा कर लागतो, शेअर विकले गेलेले नसले तरी. बँकेत किती महिन्यांचे पगार आहेत हे मुलाखतीत सरळ विचार. चांगले संस्थापक याचं उत्तर देतात.

आणि आता सिक्युरिटी. प्रत्यक्षात काम कसं दिसतं ते सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदारांचा सकाळी फोन आला. कॉम्प्युटर सुरू होतो पण टॅली उघडत नाही, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत एक चिठ्ठी: पैसे भरा, फाइली परत मिळतील. मी नेटवर्कची वायर काढायला सांगितली आणि मशिन बंद करू दिलं नाही, कारण मेमरीतला पुरावा बंद केल्यावर जातो. जाऊन विंडोजचा सिक्युरिटी लॉग उघडला. त्यात ४६२५ ही नोंद म्हणजे फसलेलं लॉगिन. रात्री उशिरापासून पानंच्या पानं ४६२५, प्रत्येक ठिकाणी युजरचं नाव अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. पहाटे एक ४६२४, म्हणजे जमलेलं लॉगिन, प्रकार १०, म्हणजे रिमोट डेस्कटॉप. त्यानंतर ४६२५ येणं बंद. हिशेबनिसांना घरून काम करता यावं म्हणून राउटरवर ३३८९ हा पोर्ट, म्हणजे दुरून मशिन चालवायचं दार, कुणीतरी बाहेरच्या जगाला उघडून ठेवला होता, आणि पासवर्ड होता कारखान्याचं नाव आणि पुढे १२३. बॅकअप होता, पण तो कायम त्याच मशिनला जोडलेल्या हार्ड डिस्कवर, त्यामुळे तोही गेला. हिशेब पुन्हा उभा राहिला तो सीएंना ईमेलने पाठवलेल्या महिनाअखेरच्या टॅली बॅकअपवरून आणि डिलिव्हरी चलनाच्या कागदी पुस्तकांवरून. अशा घटना सीईआरटी-इन या सरकारी संस्थेला सहा तासांत कळवायच्या असतात, एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार. हे त्या मालकांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

या सगळ्यात 'हॅकिंग'चं एकही साधन लागलं नाही. लागलं ते नोंदी शांतपणे वाचणं, त्यातून घटनांचा क्रम लावणं आणि तो मालकांना, हिशेबनिसांना समजेल अशा मराठीत सांगणं.

मोठ्या प्रमाणावर हेच कसं घडतं ते पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरच्या हल्ल्यात दिसलं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून साधारण ७८ कोटी, देशात आणखी अडीच कोटी, आणि सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेमार्गे हाँगकाँगला सुमारे १३.९ कोटी. एकूण ९४ कोटींच्या वर. एटीएमकडून येणारी विनंती स्विच नावाच्या यंत्रणेतून बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते आणि खात्यात पैसे आहेत का हे तिथे तपासलं जातं. हल्लेखोरांनी मध्ये आपला खोटा स्विच उभा केला आणि तो प्रत्येक विनंतीला परस्पर 'होय' म्हणत गेला. खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न बँकेपर्यंत पोचलाच नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सुरक्षेची चौकट कडक केली, २०१९ च्या अखेरीस बँकांच्या चार पातळ्या ठरवून प्रत्येकीला नियम लावले. आपल्या सोलापूर जिल्ह्यात सहकारी बँका किती आहेत हे तुला माहीत आहे. हे काम करणारी माणसं इथेच लागतात, आणि ती मिळत नाहीत.

बग बाउंटीचं, म्हणजे चूक शोधून दिल्याबद्दल कंपनी देते त्या बक्षिसाचं, आकर्षण तुलाही असणार. त्यातलं एक चांगलं उदाहरण आनंद प्रकाश यांचं, २०१६ चं. फेसबुकचा पासवर्ड विसरलात की सहा अंकी कोड येतो, म्हणजे दहा लाख शक्यता. मुख्य साइटवर दहा-बारा चुका केल्या की अडवत. आनंद यांनी तेच फेसबुकच्या बीटा, म्हणजे चाचणीच्या, पत्त्यावर, स्वतःच्याच खात्यावर करून बघितलं, आणि तिथे अडवणारं काही नव्हतं. सगळे आकडे टाकत गेलं तर कुणाचंही खातं उघडता आलं असतं. फेसबुकने १५,००० डॉलर दिले. पुढे त्यांनी पिंगसेफ ही कंपनी काढली, जी २०२४ मध्ये सेंटिनेलवनने घेतली. मुख्य दारावरचं कुलूप मागच्या दारालाही आहे का, एवढाच प्रश्न होता. पण एकाच कामाकडे जाणारे रस्ते दोन असतात हे सर्व्हर लिहिणाऱ्याला सुचतं.

त्यांनी स्वतःच्या खात्यावर तपासलं, आणि फेसबुकने तशी परवानगी जाहीर केलेली होती. कॉलेजच्या, महापालिकेच्या, बँकेच्या साइटवर परवानगीशिवाय हात लावू नकोस, चांगल्या हेतूनेही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ वाचून घे; तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फीच्या पावतीच्या पत्त्यात शेवटचा आकडा चुकून बदलला आणि दुसऱ्याची पावती दिसली, तर तिथेच थांब. आणखी आकडे टाकून 'किती दिसतात' ते मोजू नकोस, कुणाला स्क्रीनशॉट पाठवू नकोस, विभागप्रमुखांना लेखी कळव, आणि दखल घेतली गेली नाही तर सीईआरटी-इनला. परवानगीशिवाय असं करून बघणाऱ्या मुलांपैकी एकाला पोलीस ठाण्यात बसलेलं मी पाहिलं आहे. हुशार मुलगा होता, आणि त्याच्या वडिलांचा चेहरा मला विसरता येत नाही.

सोलापुरात राहून काय करता येईल, याबद्दल मन लहान करू नकोस. सरावाच्या साइटमध्ये पिकोसीटीएफ कार्नेगी मेलन विद्यापीठाचं आहे, पीडब्ल्यूएन डॉट कॉलेज अ‍ॅरिझोना स्टेटचं, वेबसाठी पोर्टस्विगरची अकादमी, आणि पाया पक्का करायला एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिकवणीवरचे ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्कचे कोर्स. यांतलं काहीही शिकायला पैसे लागत नाहीत. वापरलेला पण १६ जीबी रॅमचा लॅपटॉप मात्र घे, त्यात व्हर्च्युअल मशिन चालतात. 'नल' या सिक्युरिटीवाल्या मंडळींच्या पुण्यातल्या मोफत बैठकांना महिन्यातून एकदा जाता आलं तर जा. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघालीस की रात्री घरी.

आणि लिहायला शीक. आपल्या भागातली मुलं घरी तेलुगू, वर्गात मराठी आणि बाजारात कन्नड बोलतात, भाषेची भीती त्यांना नसायला हवी, पण इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा म्हटलं की हात आखडतो. 'साइटमध्ये गंभीर बग आहे, लवकर दुरुस्त करा' असा रिपोर्ट कचऱ्यात जातो. 'ही विनंती मी या खात्यातून पाठवली, हे उत्तर आलं, हे यायला नको होतं कारण ही पावती दुसऱ्या खात्याची आहे, सर्व्हर लॉगिन तपासतो पण मालक तपासत नाही' असं लिहिलंस तर दुपारी दुरुस्ती सुरू होते. वाक्यं छोटी ठेव. व्याकरण चुकलं तरी चालेल, पायऱ्या चुकू देऊ नकोस.

तुझ्या घरची परिस्थिती बघता माझा सल्ला मामांच्या आणि सिनिअरच्या मधला आहे. चौथ्या वर्षी गेट दे, आणि कॅम्पसमधून पुण्याची नोकरीही घे. नोकरी कोड लिहिण्याची असू दे. एसओसीमध्ये, म्हणजे चोवीस तास सूचनांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, प्रवेश सोपा असतो आणि पदाच्या नावात सिक्युरिटीही असते, पण पहिली वर्षं रात्रपाळीत तिकिटं बंद करण्यात जातात आणि कोड सुटतो. सर्व्हरकडचं काम मिळालं तर उत्तम: लॉगिन, पेमेंट, परवानग्या. हल्ले तिथेच होतात. मुलाखतीत विचार, की एकमेकांचा कोड वाचायची पद्धत तुमच्याकडे आहे का. घरी पैसे पाठव. दोन वर्षांत तुला कळेल की एखादा प्रश्न तुला सोडत नाहीये का. तसं असेल तर गेटचा स्कोअर तेव्हाही जिवंत असेल आणि तू प्रयोगशाळेत प्रश्न घेऊन जाशील. नसेल तर त्याच कंपनीतल्या सिक्युरिटी टीमकडे बदली माग. बाहेरून प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्यापेक्षा, ज्याने तो कोड लिहिलाय त्याला घ्यायला त्या टीम उत्सुक असतात. मी स्वतः माणसं निवडताना तेच केलं.

या सुट्टीत एकच काम कर. लिनक्सवर एखादा छोटा ओपन सोर्स प्रोग्रॅम घे, फाइल वाचणारा असेल तर बरं, आणि तो एएफएल++ या फझरखाली रात्रभर चालव. काही कोसळलं तर डीबगर लावून ते कुठल्या ओळीला आणि का कोसळलं ते शोध, आणि आधी सांगितलं तसा रिपोर्ट लिहून त्याच्या लेखकाला खासगीत पाठव. काहीच कोसळलं नाही तर त्या प्रोग्रॅमच्या कुठल्या ओळींपर्यंत फझर पोचलाच नाही ते काढ. अडलीस तर लॉग आणि तू काय काय करून बघितलंस ते लिहून मला पाठव, मी उत्तर देईन.